मुंबईची ॲप टॅक्सी सोडून रत्नागिरीत स्वतःची गाडी: हिशेब बसतो का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा पावसजवळचा. सहा वर्षं मुंबईत ॲपवर टॅक्सी चालवतोय, गाडी मालकाची. नालासोपाऱ्याला चौघांत एक खोली. दिवसाचे बारा-तेरा तास चाकावर. धंदा २,८०० च्या आसपास होतो, त्यातून मालकाचे ९००, गॅसचे ७००, चहा-जेवण, पार्किंगची पावती, कधी चलन. हातात हजार राहिले तर दिवस चांगला गेला असं समजतो. महिन्याला पंधरा हजार घरी पाठवतो.

बाबांचे गुडघे आता कामातून गेलेत. चाळीस हापूसची कलमं आहेत, त्यांची राखण आई एकटी करते. मला परत यायचंय, आणि हे मी रागाने किंवा कंटाळून ठरवलेलं नाही. मला गाडी चालवायला आवडते आणि दुसरं काही येतही नाही.

जवळ अडीच लाख आहेत. नवी सीएनजी सेडान घ्यायची, सात लाख कर्ज, पाच वर्षं. हप्ता पंधरा हजार सांगितलाय. माझा हिशेब असा: रोज १०० किमी, किलोमीटरला १४ रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३६,४०० रुपये. गॅसला पावणेदहा हजार आणि हप्ता वजा केला की साडेअकरा उरतात. पैसे मुंबईपेक्षा कमी, पण घरी राहीन. बिल्ला आहे, लायसन्स साफ आहे. फक्त पावसला ॲप उघडून बसलो तर भाडं वाजणार नाही, हे मला कळतं. मग भाडं येतं कुठून? जे हा धंदा करतात त्यांनी खरं काय ते सांगावं.

मीटर_डाऊन
मी संगमेश्वरचा, सध्या अंधेरीत, तुझ्यासारखाच. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचे निदान ८० टक्के मिळायला हवेत असं लिहिलंय, २०२५ च्या नव्या सूचनांतही ते आहे. पण भाडंच मुळात खाली आलं तर ८० टक्के कशाचे, हा प्रश्न उरतोच. चार किलोमीटर रिकामं जाऊन दोन किलोमीटरचं भाडं उचलायचं, हे रोजचं.

एक मात्र लक्षात ठेव. इथे भाडं शोधावं लागत नाही, आपोआप येतं. गावी ते शोधावं लागेल. मला तो स्वभाव नाही म्हणून मी अजून इथे आहे. तू जमवलंस तर सांग.

कुडाळ_स्टँड
बाबा, तुझो हिशेब वाचलंय. गाडी घेऊची असात तर घे, पण आधी माझा म्हणणा ऐक. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

बावीस वर्षं झाली या लायनीत. आधी जीप, मग ओम्नी, आता दुसरी सेडान. तुझ्या हिशेबात एक मोठं भोक आहे. तू शंभर किलोमीटर सगळे भरलेले धरलेस. कोकणात भाड्याची गाडी निम्मा रस्ता रिकामी धावते. कुडाळ स्टेशनवरून मालवणला पार्टी सोडली, तीस किलोमीटर, ९०० रुपये मिळाले. परत येताना कोण? कोणी नाही. म्हणजे गाडी साठ किलोमीटर चालली. गॅस, टायर, सर्व्हिस, ब्रेक-क्लच सगळं धरून मला किलोमीटरला साडेपाच रुपये पडतात. ३३० गेले, ५७० राहिले. त्यात रेल्वे दोन तास लेट असेल तर तेवढा वेळ स्टेशनवर बसून काढला तो वेगळाच.

आमचा धंदा कशावर उभा आहे ते आधी समजून घे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण रूळ किनाऱ्यापासून आत टाकलेत. मालवण, वेंगुर्ला, देवगड, गणपतीपुळे, गुहागर, यांतल्या एकालाही स्टेशन नाही. रत्नागिरीचं स्टेशनसुद्धा गावापासून सहा-सात किलोमीटर. या मधल्या अंतरात आमची पोटं आहेत. एसटी वेळेला जोडून असली तर माणूस एसटीने जातो, आणि जावं त्याने, स्वस्त आहे. नसली तर आमच्याकडे येतो.

आता वर्ष कसं जातं ते सांगतो, कारण महिन्याची सरासरी काढून कर्ज घेणारे इथे बुडालेत. दिवाळीपासून नवीन वर्षापर्यंत पर्यटक. मग जरा ढिलं, मध्ये जत्रा, लग्नं, शिमग्याला चाकरमानी. एप्रिल-मे भरपूर. जून लागला की किनारा बंद: मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, हॉटेलं रिकामी. गणपतीचे पंधरा दिवस झोपायला मिळत नाही, ते संपले की पुन्हा शांत. माझ्या वहीत गेल्या मे महिन्यात ८४,००० चा धंदा आहे आणि जुलैमध्ये १७,०००. हप्ता मात्र जुलैतही पंधरा हजारच असतो.

पूर्ण वर्षाचंही लिहितो, लपवण्यासारखं काही नाही. धंदा ५ लाख ९० हजार. गाडी चालली ४८,००० किमी, साडेपाचने २ लाख ६४ हजार गेले. विमा ३८,०००, परमिट-पासिंग-टॅक्स मिळून १२,०००. राहिले २ लाख ७६ हजार, म्हणजे महिन्याला २३ हजार. माझं कर्ज फिटलंय. तुझा हप्ता यातून काढ, आठ हजार राहतात. मुंबईतून तू पंधरा पाठवतोस.

माझा सल्ला: नवी गाडी घेऊ नकोस. चार-पाच वर्षांची पिवळ्या पाटीची गाडी बघ.

गणपतीला_गावी
एवढं कशाला? पांढऱ्या पाटीची सात सीटर घ्यायची. गणपतीला मुंबई-कोकण सीटवर चालवायची, सीटला १,५०० सहज मिळतात. रेल्वेचं आरक्षण कधीच संपलेलं असतं, लोक हातापाया पडतात. टॅक्स नको, परमिट नको. माझे ओळखीचे तिघे करतात. त्या दिवसांत कोकणात जाणाऱ्यांना टोलही माफ असतो.

विम्याचा_कागद
हे वाचून गप्प बसवत नाही. पेणला विम्याचं काम करतो, आणि जे लिहितोय ते माझ्या सख्ख्या मावसभावाचं आहे.

त्याने हेच केलं. खासगी गाडी, सहा प्रवासी, प्रत्येकाकडून पैसे. रात्री महाडच्या पुढे समोरच्या ट्रकला वाचवायला गेला आणि गाडी कठड्यावर गेली. देवाच्या कृपेने जीव कोणाचा गेला नाही, एका प्रवाशाचा पाय दोन ठिकाणी मोडला. प्रवाशांनी जबाबात खरं तेच सांगितलं, की आम्ही सीटचे पैसे दिले. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने वापरता येणार नाही असं स्पष्ट छापलेलं असतं. गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला गेला. जखमींची भरपाई विमा कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश अशा खटल्यांत होतात. त्याच्या बाबतीत तेच झालं. घरामागची सहा गुंठे जागा विकली. गाडी मोडली ती मोडलीच.

शिवाय परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक करताना सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी दहा हजार दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, गाडी अडकते ती निराळी.

पिवळ्या पाटीवाल्यांनाही एक सांगतो. टॅक्सीचा परवाना कंत्राटी असतो. एका पार्टीने ठरवलेली गाडी ठरल्या ठिकाणी न्यायची. वाटेत थांबत थांबत एकेक माणूस घेत, उतरवत, सुटं भाडं घेणं ही टप्पा वाहतूक झाली, तिचा परवाना वेगळा. मॅजिक, वडाप सगळीकडे चालतात म्हणून ते नियमात बसत नाही. गावकऱ्याला रस्त्यात सोडून पुढे जाववत नाही हे मलाही कळतं, मीही कोकणातच राहतो. पण हात दाखवला म्हणून घेतलेला प्रवासी आणि रोजचा धंदा यांतला फरक आपला आपल्याला ठाऊक असतो.

गणपतीला_गावी
भावाचं वाचून वाईट वाटलं. विम्याचं एवढं माहीत नव्हतं. त्या तिघांना हा धागा पाठवतो.

तीनचाकी
मी रत्नागिरीत रिक्षा चालवतो, त्यामुळे माझं म्हणणं तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही. दर वर्षी मुंबईहून दोन-चार जण परत येतात, नवी गाडी घेतात आणि थेट स्टेशनवर लावतात. तिथे नंबर असतो. पहाटे कोकणकन्या येते तेव्हा आम्ही चार वाजल्यापासून थंडीत उभे असतो. कोणी मध्येच घुसून ‘पाचशेत पुळ्याला सोडतो’ म्हणाला की भांडण होणारच. त्या माणसाला दोन दिवस धंदा मिळतो, सगळ्यांचा दर मात्र कायमचा पडतो.

तेव्हा आधी येऊन भेटा. संघटनेत रीतसर नाव घाला, नंबर लागेल तेव्हा लागेल. माझ्याकडे लांबचं भाडं आलं तर रिक्षा कोल्हापूरला नेता येत नाही. आंबा घाट, १३० किलोमीटर. असं भाडं मी ओळखीच्या टॅक्सीवाल्यालाच देतो. गेल्या वर्षी असे किती दिले त्याची मोजदाद नाही. मला त्यातून काही नको. फक्त माझ्या प्रवाशाला नीट न्यावं आणि उद्या स्टेशनवर माझ्या पोटावर पाय आणू नये.

खाडीकाठ
तीनचाकी दादा, असं कोणी स्पष्ट सांगत नाही. पुढच्या आठवड्यात गावी येतोय, तेव्हा स्टेशनवर येऊन भेटतो.

काका, तुमची वही वाचून रात्री झोप लागली नाही. आठ हजारांत घर चालणार नाही. जुन्या गाडीचा हिशेब करून बघतो. पण मूळ प्रश्न राहतोच. स्टेशनवर नंबर लागायला वर्ष गेलं तर तोपर्यंत काय?

रातांबा
तारकर्लीला आमची चार खोल्यांची न्याहारी-निवास आहे. नऊ वर्षं झाली. गाडीवाल्याची गरज आम्हाला रोज असते, आणि भरवशाचा माणूस मिळत नाही, हे या बाजूने सांगते.

पाहुणे येण्याआधी पहिला प्रश्न विचारतात, स्टेशनवरून कसं यायचं? चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात, वंदे भारत जून २०२३ पासून आहे. येणारी माणसं बदलली. रात्री साडेअकराला मोपाला उतरणाऱ्या दोन बायका आणि लहान मूल, यांना आणायला मी कोणाला पाठवू? ज्याचा फोन लागतो, जो प्यायलेला नसतो, जो वाटेत दुसरं भाडं चढवत नाही, त्याला. पन्नास रुपये कमी घेणारा मला नको असतो. गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांची बाहेरच्या गाडीने तिथून प्रवासी उचलायला हरकत असते, म्हणून आम्ही बुकिंग आधी करून प्रवाशाचं नाव आणि वेळ चालकाकडे लेखी देतो.

काही गाडीवाले मात्र पाहुणे आणून दिले म्हणून खोलीच्या भाड्यात वाटा मागतात. एकाने वीस टक्के मागितले. मी नाही म्हटलं तर त्याने पुढच्या पाहुण्यांना वाटेतच सांगितलं की त्यांच्याकडे पाणी नाही. अशा माणसाला या किनाऱ्यावर दोन वर्षांत कोणी विचारेनासं होतं, पण तोवर आमचा हंगाम जातो.

आणि भाऊ, रस्ते पाठ कर. मुंबईत नकाशा दाखवेल तसं जायची सवय असेल, इथे नकाशाला फेरीबोट दिसतेच असं नाही. आमचे पाहुणे इथून गणपतीपुळ्याला गेले आणि तिथून गुहागरला. गाडीवाल्याने त्यांना चिपळूणवरून फिरवून नेलं. जयगडहून तवसाळला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं, अंतर निम्म्यावर येतं. दापोलीकडे जायचं तर पुढे धोपाव्याहून दाभोळ. शेवटची फेरी किती वाजता, भरती-ओहोटीने उशीर होतो का, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मी दुसऱ्यांदा बोलावते. पाहुणे घरी जाऊन त्याचा नंबर दहा जणांना देतात.

कुडाळ_स्टँड
ताई म्हणतायत ते सोळा आणे खरं. माझ्या ५ लाख ९० हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे मला स्टेशनच्या नंबरवर मिळालेले नाहीत, फोनवर मिळालेत. तीन हॉटेलं, एक डॉक्टर, दोन शाळांचे शिक्षक, आणि पेशंट. सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाणारी माणसं काही कमी नाहीत. पेशंटच्या भाड्यात थांबण्याचे पैसे मी फार लावत नाही, पण ते भाडं जाता-येता भरलेलं असतं आणि जुलैमध्येही असतं. आजाराला हंगाम नसतो. लिहिताना बरं वाटत नाही, पण पावसाळ्यात माझी चूल त्यावर पेटते.

पागोळी
इतके दिवस नुसती वाचत होते. वरचं वाक्य वाचून लिहितेय.

मी ठाण्याला असते. आई पूर्णगडच्या अलीकडे एकटी राहते. गेली अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला डायलिसिस. सकाळी साडेसातला घरून निघायचं, चार तास मशीनवर, दुपारी परत. तिला नेणारे काका आमच्याच पंचक्रोशीतले आहेत, पिवळ्या पाटीची गाडी. फेरीला आठशे घेतात, महिन्याचे दहा हजारांच्या आसपास होतात. पण मी त्यांना पैसे कशाचे देते ते सांगते. डायलिसिस झाल्यावर आईचं बीपी पडतं. ते तिला लगेच गाडीत बसवत नाहीत, अर्धा तास बाकावर बसवून लिंबूपाण्याचे दोनच घोट देतात, कारण पाणी मोजून प्यायचं असतं हे त्यांनी लक्षात ठेवलंय. घाईने गाडी वळणावर टाकत नाहीत. घरी पोचवून मला फोन करतात. त्या फोनशिवाय मी ऑफिसात काम करू शकत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचंही करायचंय. या हंगामानंतर थांबतो म्हणाले. तेव्हापासून मी माणूस शोधतेय. खाडीकाठ, तुम्ही पावसचे आहात म्हणून विचारते. गाडी नवी की जुनी हे माझ्या आईला काही नाही.

खाडीकाठ
ताई, पावसहून पूर्णगड जवळच आहे. गाडी नसताना हो कसं म्हणू? पण ते काका कोण असतील याचा अंदाज आला. पांढरी वॅगन आर, मागे बाळकृष्णाचं चित्र. तेच का?

पागोळी
तेच. आणि ते गाडीही काढणार आहेत. मुलगा पुण्याला, त्याला नको आहे. त्यांना विचारलं. दोन लाख ऐंशीपर्यंत देईन म्हणाले, आधी आईची सोय लावून मगच.

खाडीकाठ
कुडाळचे काका, तुमच्या आकड्यांवर हिशेब मांडला. जवळ अडीच आहेत, त्यातले दोन गाडीत घालायचे, पन्नास हजार अंगावर ठेवायचे. कर्ज एक लाख, म्हणजे ऐंशी गाडीला आणि वीस कागदपत्रांना आणि दुरुस्तीला. तीन वर्षांचा हप्ता ३,३०० च्या आसपास. जुलैमध्ये नुसतं ताईंच्या आईचं भाडं धरलं तरी गॅस आणि हप्ता जाऊन चार पैसे हातात राहतात. आंबा निघेल तेव्हा पेट्या पोचवायला स्टेशनला जावं लागतंच, तेव्हा तिथून काही मिळालं तर वर. चुकत असेन तर सांगा.

कुडाळ_स्टँड
हिशेब बरोबर. पन्नास हजार अंगावर ठेवतोस हे चांगलं केलंस, पहिल्या पावसाळ्यात लागतील.

पण ओळखीची गाडी म्हणून डोळे झाकून घेऊ नकोस. रॅम्पवर चढव आणि खालून बघ. खाऱ्या वाऱ्याने वरचा रंग चकचकीत राहतो आणि खालचा पत्रा सडतो. पायदानाच्या आतली बाजू, दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या वरचा भाग स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघ. आवाज बद्द आला तर पत्रा गेला. सीएनजीच्या सिलिंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, प्लेटवर तारीख असते ती वाच. गाडी आठ वर्षांच्या आतली असेल तर पासिंग दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. तिचं कोणतं वर्ष चाललंय त्यावर किंमत बोल. आरसीवर बँकेचा बोजा राहिलाय का, ऑनलाइन चलनं किती थकलीत, तेही बघ.

विम्याचा_कागद
भर घालतो. आरसी नावावर झाली म्हणजे परमिट नावावर झालं असं होत नाही, त्याचा अर्ज वेगळा. विमा कंपनीला गाडी हस्तांतरित झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत कळवायचं. मधल्या काळात एकही फेरी मारू नकोस, पेशंटचीसुद्धा नाही. तोपर्यंत जुन्या मालकांनीच चालवू दे, तू शेजारी बस.

पागोळी
हे चांगलं आहे. आईचीही ओळख होईल. काका शुक्रवारी नेणार आहेत.

खाडीकाठ
शुक्रवारी सकाळी सात वाजता त्यांच्या दारात असेन. रॅम्प रत्नागिरीत हॉस्पिटलपासून जवळ आहे, आई मशीनवर असतील त्या चार तासांत गाडी खालून बघून होईल. तीनचाकी दादा, त्याच दिवशी दुपारच्या आधी स्टेशनवर येतो, असाल ना?

तीनचाकी
आहे. साडेअकरापर्यंत नंबरात असतो. ये.